वायरशिवाय फोन चार्ज होतो, त्यामागचं डोकं टेस्लाचं नाही, एका लोहाराच्या पोराचं आहे

चार्जरची वायर तुटणं, पिन ढिली होणं, चार्जिंगच्या खाचेत धूळ अडकणं हे प्रत्येक मोबाईलवाल्याच्या नशिबी असतं. त्यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे वायरलेस चार्जिंग. टेबलावर एक चपटी चकती असते, तिच्यावर फोन ठेवायचा. कुठे काही खुपसायचं नाही, तरी बॅटरी भरायला लागते.

हा विषय निघाला की सोशल मीडियावर एकच नाव फिरतं, ते म्हणजे निकोला टेस्ला. टेस्लाने तारांशिवाय लांबवर वीज पोचवायचं स्वप्न पाहिलं होतं, हे खरंच आहे. पण तुमच्या टेबलावरची चकती ज्या नियमावर चालते, तो नियम टेस्लाच्या जन्माच्या २५ वर्षं आधीच सापडला होता.

तो शोधणारा माणूस कॉलेजात गेला नव्हता. त्याला गणित जमत नव्हतं. पुस्तकं शिवायचं काम शिकत तो मोठा झाला होता. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

एक पाव, आठवडाभर पुरवायचा

मायकलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. लंडनजवळच्या न्यूइंग्टन भागातला. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येतीने कायम खचलेले. काम मिळालं तरी ते रोज करायची ताकद अंगात नसायची. घरात चार पोरं, त्यातला मायकल तिसरा.

१८०१ च्या आसपास इंग्लंडात धान्याचे भाव कडाडले. तेव्हा फॅरेडेंच्या घरी मायकलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तोच त्याने सात दिवस पुरवायचा, अशी परिस्थिती होती. शाळेत लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब एवढंच पदरात पडलं.

हे घर सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचं होतं. पैसा साठवू नये, मोठेपणा मिरवू नये, एकमेकांना धरून राहावं अशी त्यांची शिकवण. हे सांगायचं कारण म्हणजे पुढे आयुष्यभर फॅरेडेंनी जे निर्णय घेतले, त्यातले बरेच या शिकवणीतून आलेले आहेत.

बाइंडिंगच्या दुकानात लागलेला नाद

१३ व्या वर्षी मायकल जॉर्ज रिबो यांच्या दुकानात कामाला लागला. रिबो पुस्तकं विकायचे आणि बांधूनही द्यायचे. मायकलचं काम सुरुवातीला पोऱ्याचं होतं. घरोघरी वर्तमानपत्र द्यायचं, लोकांनी वाचलं की परत आणायचं. पोरगं प्रामाणिक आहे हे बघून रिबोंनी त्याला वर्षभरात बाइंडिंगचं काम शिकायला ठेवून घेतलं. मुदत ७ वर्षांची. अशा उमेदवारीसाठी तेव्हा घरच्यांना पैसे मोजावे लागायचे, रिबोंनी ते माफ केले.

आणि इथेच सगळं बदललं. बांधायला आलेली पुस्तकं मायकल वाचायला लागला. एकदा एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड आला, त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी रसायनशास्त्रावर सोप्या संवादांचं पुस्तक लिहिलं होतं, तेही हाताला लागलं. मायकल नुसता वाचून थांबला नाही. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, हे तो खिशातल्या चिल्लरमधून सामान आणून तपासायचा. तांब्याची नाणी आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचून त्याने स्वतःची बॅटरी बनवली. रिबोंनीही त्याला दुकानात हे उद्योग करू दिले.

१८१० मध्ये वडील गेले. थोरला भाऊ रॉबर्टसुद्धा लोहारच. पण धाकट्याला विज्ञानाची व्याख्यानं ऐकता यावीत म्हणून तो स्वतःच्या कमाईतून तिकिटाचा एक एक शिलिंग द्यायचा.

चार व्याख्यानं आणि हाताने बांधलेली एक वही

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकलला चार तिकिटं दिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं होती. डेव्ही म्हणजे त्या काळचे विज्ञानातले सुपरस्टार. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्यं वेगळी करणारा माणूस.

मायकल वर गॅलरीत बसून टिपणं घेत राहिला. घरी येऊन ती सगळी नीट लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि स्वतः बाइंडिंग करून जवळपास ३०० पानांची वही तयार केली.

त्याची उमेदवारी संपत आली होती. आता आयुष्यभर बाइंडिंग करायचं की काय, या विचाराने तो कासावीस झाला होता. त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना नोकरीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग त्याने ती वही थेट डेव्हींना पाठवली.

डेव्हींनी त्याला भेटायला बोलावलं, पण जागा नव्हती. विज्ञानात पैसा नाही, हातातलं बाइंडिंग सोडू नकोस, असंच त्यांनी समजावलं. पण १८१३ च्या सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने मारामारी केली आणि त्याला काढून टाकावं लागलं. डेव्हींना बाइंडरचं ते पोरगं आठवलं. १ मार्च १८१३ ला मायकल रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वर राहायला माडीवर खोल्या, जळण आणि मेणबत्त्या.

साहेबाचे बूट की विज्ञान?

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या लांबच्या दौऱ्यावर निघाले. नेपोलियनचं युद्ध चालू असल्यामुळे त्यांच्या नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला. मग ते काम तात्पुरतं मायकलच्या गळ्यात पडलं. पॅरिसमध्ये दुसरा नोकर शोधू असं ठरलं होतं, पण तो काही मिळाला नाही.

दिवसा तो अँपिअर आणि व्होल्टासारख्या माणसांना भेटत होता. आज ज्यांच्या नावाने विजेची एककं आहेत, ती ही माणसं. आणि त्याच दौऱ्यात डेव्हींची बायको त्याला नोकरांच्या पंगतीत जेवायला बसवत होती. एकदा तर सगळं सोडून परत जावं आणि पुन्हा पुस्तकं बांधावीत, इथपर्यंत त्याचं मन आलं होतं. पण शिकायला मिळतंय म्हणून त्याने गिळलं. दीड वर्षाने तो लंडनला परतला तो युरोपातल्या प्रयोगशाळा बघूनच.

चोरीचा आळ

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेचा आणि चुंबकाचा काहीतरी संबंध आहे. युरोपभर सगळे या मागे लागले.

१८२१ मध्ये विल्यम वॉलस्टन हे नामवंत शास्त्रज्ञ डेव्हींकडे आले आणि दोघांनी विजेची तार स्वतःभोवती फिरवायचा प्रयत्न केला. तो फसला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये फॅरेडेंनी वेगळ्या पद्धतीने मांडणी केली. पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभं केलं, वरून तार सोडली, वीज जोडली आणि तार चुंबकाभोवती गरागरा फिरायला लागली. जगातली ही पहिली विजेची मोटर म्हणता येईल. मिक्सरपासून फोनच्या व्हायब्रेशनपर्यंत सगळ्यांची आजी.

फॅरेडेंनी घाईने हे छापलं आणि वॉलस्टन यांचा उल्लेख राहून गेला. झालं, लंडनच्या विज्ञानमंडळींत कुजबुज सुरू झाली. मोठ्या लोकांचं बोलणं ऐकून कालच्या नोकराने कल्पना चोरली, असा तिचा सूर होता. त्या जगात नाव हीच पुंजी आणि फॅरेडेंकडे तर दुसरं काहीच नव्हतं. ना घराणं, ना पदवी. त्यांनी स्वतः वॉलस्टन यांची गाठ घेतली आणि आपली बाजू मांडली.

१८२३ मध्ये फॅरेडेंचं नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढे आलं. अर्जावर सही करणाऱ्यांत खुद्द वॉलस्टन होते. विरोध केला तो गुरूने. डेव्ही तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी अर्ज मागे घ्यायला सांगितलं. अर्ज मी केलेलाच नाही, तर मागे कसा घेऊ, अशी फॅरेडेंची भूमिका होती. जानेवारी १८२४ मध्ये ते निवडून आले. विरोधात फक्त एक मत पडलं.

यानंतरही फॅरेडेंनी डेव्हींबद्दल जाहीरपणे वाईट शब्द काढला नाही. पण पुढची काही वर्षं सोसायटीने त्यांना दुर्बिणींसाठी चांगली काच बनवायच्या कामाला जुंपलं. भट्टीसमोर घाम गाळण्यात वेळ चालला होता. डेव्ही १८२९ मध्ये वारले. १८३१ मध्ये फॅरेडे काचेच्या कामातून बाहेर पडले आणि ज्या प्रश्नाने त्यांना दहा वर्षं छळलं होतं, त्याकडे वळले. विजेपासून चुंबकत्व मिळतं, मग चुंबकापासून वीज का मिळू नये?

२९ ऑगस्ट १८३१

त्यांनी मऊ लोखंडाचं सहा इंचांचं एक कडं घेतलं. एका बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी घातली, समोरच्या बाजूला दुसऱ्या तारेची. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड आणि सुतळी गुंडाळली. पहिली तार बॅटरीला जोडली, दुसरीजवळ चुंबकसुई ठेवली.

बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. वीज चालूच होती, पण सुई गप्प. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली, या वेळी उलट्या दिशेने.

यातली खरी गंमत फॅरेडेंनी पकडली. नुसती वीज वाहून उपयोग नाही, ती बदलली पाहिजे. पहिल्या वेटोळ्यातली वीज बदलते तेव्हाच भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तेव्हाच दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे इंडक्शन म्हणतात.

ते कडं म्हणजे जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर. गावाकडे आपण ज्याला डीपी म्हणतो आणि जी जळाली की दोन दोन दिवस अंधार होतो, तिच्या आत हेच चालतं. नंतर ऑक्टोबरमध्ये फॅरेडेंनी वेटोळ्यात चुंबक आत बाहेर करून वीज मिळवली, आणि पुढे चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची थाळी फिरवून सलग वीज काढली. कोयनेपासून चंद्रपूरपर्यंत टर्बाइनवर फिरणारं प्रत्येक जनित्र याच कल्पनेचं पुढचं रूप आहे.

दोन फळ्या आणि मध्ये जाड कागद

पण मोबाईलच्या दृष्टीने सगळ्यात जवळचे प्रयोग वेगळे आहेत आणि त्यांची चर्चा फार होत नाही.

लोखंडाचं कडं नसेल तरी हे होतं का, हे फॅरेडेंनी तपासलं. लाकडाच्या ठोकळ्यावर प्रत्येकी २०३ फुटांच्या दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळल्या. परिणाम अगदी हलका, पण मिळाला. मग त्यांनी दोन रुंद फळ्या घेतल्या. प्रत्येकीवर तार नागमोडी ताणून बसवली. एका फळीची तार बॅटरीला, दुसरीची वीज मोजायच्या यंत्राला. दोन्ही फळ्या समोरासमोर, तारा एकमेकींना शिवू नयेत म्हणून मध्ये जाड कागद. एक फळी दुसरीजवळ आणली की काटा हलायचा, लांब नेली की उलटा हलायचा.

आता तुमचा चार्जर बघा. खाली चपटी चकती, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर फोन, त्याच्या पाठीमागे दुसरं वेटोळं. मध्ये कागदाऐवजी काच आणि प्लास्टिक. फळी हलवण्याऐवजी चकतीतली वीज सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलते, त्यामुळे फोनच्या वेटोळ्यात सलग वीज उमटत राहते. फोनमधलं सर्किट ती एका दिशेची करून बॅटरीत भरतं. बहुतेक फोनमध्ये वापरलं जाणारं ची हे मानक २००८ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमने बनवलंय. त्यामागचा नियम मात्र १८३१ चाच आहे.

मेट्रोच्या गेटवर टॅप करायचं कार्ड आणि ई-पासपोर्टही याच घरातले. त्या कार्डात आणि पासपोर्टात बॅटरी नसते. आत बारीक चिप आणि भोवती तारेचं वेटोळं असतं. वाचणाऱ्या यंत्राजवळ नेलं की त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज उमटते, चिप जागी होते आणि तुमची ओळख सांगते. स्वयंपाकघरातल्या ज्या शेगडीला आपण नुसतं इंडक्शन म्हणतो, तिच्या नावातच फॅरेडेंचा शोध आहे.

पेटंट नाही, पदवी नाही, सर नाही

एवढा मोठा शोध, पण फॅरेडेंनी त्याचं पेटंट घेतलं नाही. उलट त्याच सुमारास कमाई कमी केली. कारखानदारांना सल्ला आणि रसायनांच्या तपासण्या यातून त्यांना १८३० च्या आसपास वर्षाला हजार पौंडांच्या घरात पैसे मिळत होते, असं त्यांचे सहकारी जॉन टिंडल यांनी जमाखर्च बघून लिहून ठेवलंय. इन्स्टिट्यूशनचा पगार होता वर्षाला १०० पौंड. संशोधनाला वेळ मिळावा म्हणून फॅरेडेंनी वरची कमाई जवळपास सोडून दिली.

१८३५ मध्ये सरकारने त्यांना पेन्शन द्यायचं ठरवलं. भेटीत पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न शास्त्रज्ञांच्या पेन्शनबद्दल तुच्छतेने बोलले. फॅरेडे उठले आणि त्याच दिवशी पेन्शन नको म्हणून चिठ्ठी पाठवली. मेलबर्नना लेखी माफी द्यावी लागली, तेव्हा कुठे वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन त्यांनी घेतलं. सर ही पदवी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही दोनदा नाकारलं.

पोरांसाठी मात्र त्यांनी हातचं राखलं नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होऊ लागली. फॅरेडेंनी त्यातल्या कित्येक मालिका स्वतः घेतल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी दिलेली व्याख्यानं पुस्तक होऊन आजही वाचली जातात.

१८३६ मध्ये तर त्यांनी १२ फुटांची एक खोलीच बांधली, तिला बाहेरून धातू लावला आणि स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून विजेच्या ठिणग्या उडवल्या तरी आत काहीच जाणवलं नाही. लिफ्टमध्ये शिरलं की फोनची रेंज जाते, त्यामागे हीच गोष्ट आहे. तिला फॅरेडे केज म्हणतात.

डोकं साथ देईना, तरीही

१८३९ च्या सुमारास फॅरेडेंची तब्येत बिघडली. चक्कर, डोकेदुखी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विसर पडायला लागला. आपण कोणता प्रयोग केला होता हेच आठवेना. काही वर्षं मोठं संशोधन जवळजवळ बंद पडलं. प्रत्येक प्रयोग डायरीत नंबर टाकून लिहायची सवय तेव्हा कामाला आली. पत्नी सारा यांनी या काळात त्यांना जपलं.

१८४५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे ते तपासत होते. बरंच काही वापरून बघितलं, काहीच दिसेना. शेवटी हाताशी आला काचेचा एक जड तुकडा, जुन्या भट्टीच्या कंटाळवाण्या कामात बनवलेला. त्यातून जाणारा प्रकाश चुंबकाने वळवला. प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं पहिल्यांदा सिद्ध झालं.

फॅरेडेंना समीकरणं येत नव्हती. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकल्यावर ज्या रेषा दिसतात, त्या रेषांतून ते विचार करायचे. मोकळ्या जागेतही काहीतरी असतं, बल त्यातून पसरतं, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच गणितज्ञांना ते पोरकट वाटलं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाला वाटलं नाही. त्याने त्या रेषा गणितात मांडल्या आणि त्यातून विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत निघाला. १८८० च्या दशकात हर्ट्झ यांनी त्या लहरी प्रयोगात पकडल्या. वायफाय, ब्लूटूथ, मोबाईल नेटवर्क हे सगळं त्याच लहरींवर चालतं.

शेवटची वर्षं फॅरेडे हॅम्प्टन कोर्टला राहिले. स्वतःचं घर त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, हे घर राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलं होतं. २५ ऑगस्ट १८६७ ला ते गेले. त्यांना हायगेट दफनभूमीत साधेपणाने पुरलं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या २० पौंडांच्या नोटेवर या लोहाराच्या मुलाचं चित्र छापलं गेलं. आणि १८३१ चं ते कडं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलंय.

जाता जाता एक कामाची गोष्ट. फोन पॅडवर ठेवूनही चार्ज होत नसेल, तर लगेच चार्जरला शिव्या घालू नका. फोन जरा सरकवून बघा, जाड किंवा धातूचं कव्हर असेल तर काढा. दोन वेटोळी नीट समोरासमोर आणि जवळ आली, तरच वीज पोचते. फॅरेडेंनीही फळ्या जवळ आणल्यावरच काटा हलला होता.